चीक गेला, खसखस राहिली

दिवाळी तोंडावर आली की वाण्याकडे खसखशीचा भाव विचारायला धीर लागतो. अनारशाच्या एका अंगाला चिकटेल एवढीच हवी असते, फार तर पन्नास ग्रॅम. तरी पुडी बांधताना वाणी खुलासा करतो, ‘तुर्की माल आहे ना!’ आपल्याकडे मंदसौर-नीमचच्या बाजूला खसखस पिकते, पण ती देशाला पुरत नाही. बाहेरून येते तिच्यात तुर्कस्तानचा वाटा मोठा, आणि ती मागवायची तर व्यापाऱ्याला ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोकडे सौद्याची नोंद करावी लागते. मसाल्याच्या डब्यातल्या दुसऱ्या कुठल्या जिनसेला अमली पदार्थांच्या खात्याची पायरी चढावी लागत असेल असं वाटत नाही. खसखस म्हणजे अफूचं बी, हे अनारसे खाताना आपण सोयीस्कर विसरतो.

तुर्कस्तानात या गोष्टीचा विसर पडू न देणारं एक गाव आहे. अफ्योनकाराहिसार. ‘अफ्योन’ म्हणजे अफू, ‘कारा’ म्हणजे काळा (काराकोरममधला तोच), आणि ‘हिसार’ म्हणजे किल्ला. हा शब्द आपल्याला हरियाणातल्या शहरामुळे ठाऊक असतो. अफूचा काळा किल्ला. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या गावाला सरकारदरबारी असं नाव असावं, याची मला गंमत वाटत आली आहे. खसखशीला तिथे ‘हाशहाश’ म्हणतात. अरबी-फारशीतल्या ‘खशखाश’चं हे तुर्की रूप. कानाला लावून पाहिलं तर आपल्या खसखशीची सख्खी बहीण.

आधी किल्ला, मग अफू. पश्चिम अनातोलियाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंचीवर, सपाट मैदानातून एकच एक ज्वालामुखी कातळ सव्वादोनशे मीटर सरळ वर उठतो. गाव त्याच्या पायाशी, तटबंदी माथ्यावर. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला कातळाचं नवल नसतं, पण आपले किल्ले डोंगरांच्या गर्दीत असतात; हा एकटाच, जणू कुणी आणून ठेवलेला. दूरवरच्या वाटांवरून दिसतो, आणि ज्याच्या हाती तो, त्याच्या हाती वाटा. हित्ती आले, फ्रिजियन आले. उत्तरेला इहसानिये आणि इसजेहिसारच्या परिसरात फ्रिजियनांनी कातळात कोरलेली थडगी आणि सिंह अजून उभे आहेत. बायझंटाइन काळात गावाचं नाव होतं अक्रोइनोन. इथेच ७४० साली सम्राट तिसरा लिओ आणि त्याचा मुलगा कॉन्स्टन्टाइन यांनी उमय्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईत पडला असं परंपरा मानते तो बत्ताल गाझी पुढे तुर्की लोककथांचा नायक झाला. हरलेल्या बाजूचा वीर जिंकणाऱ्यांच्या मुलखात अजरामर व्हावा, हे पुढे तो मुलूखच तुर्कांचा झाल्यामुळे घडलं.

सेल्जुक तुर्कांच्या काळात किल्ल्याला नवं नाव मिळालं, ‘काराहिसार-ए साहिब’. साहिब म्हणजे वजीर साहिब अता. आपल्या ‘साहेबा’चाच हा भाऊबंद. या काळातली एक वास्तू पाहून माणूस थबकतो, ती उलू जामी, म्हणजे मोठी मशीद. १२७२ ते १२७७ या वर्षांत बांधलेली. आत चाळीस लाकडी खांब आणि त्यांवर पेललेलं लाकडी छत. दगडाच्या मुलखात, दगडी कड्याच्या सावलीत, साडेसातशे वर्षं टिकलेलं लाकूड. २०२३ मध्ये युनेस्कोनं अनातोलियातल्या अशा पाच लाकडी मशिदींना मिळून जागतिक वारसा म्हटलं, त्यांत ही आहे. शिवाय इसजेहिसारच्या खाणींतला जांभळ्या शिरांचा संगमरवर रोमन सम्राटांनी समुद्रापार नेऊन थेट पँथिऑनमध्ये बसवला होता. खाणी आजही चालू आहेत. मौलाना रूमीच्या मेवलेवी पंथात कोन्याच्या खालोखाल मान होता तो इथल्या दर्ग्याला. १९२५ मध्ये प्रजासत्ताकानं सगळे पंथ आणि त्यांचे मठ कायद्यानं बंद केले तेव्हा इथल्या दरवेशांच्या गिरक्याही थांबल्या. ती वास्तू आज मशीद आणि संग्रहालय आहे. एवढं सांगून मी हा जुना इतिहास मिटतो, कारण मला सांगायची आहे ती गोष्ट गेल्या दोनेकशे वर्षांची.

या गोष्टीत फूल महत्त्वाचं. मेअखेर ते जून या दिवसांत गावाबाहेरचं मैदान पांढरं आणि जांभळं होतं. पाकळ्या दोन-चार दिवसांत गळतात, मागे हिरवं बोंड उरतं. जुन्या पद्धतीत शेतकरी संध्याकाळकडे बोंडाभोवती आडवी चीर फिरवायचा, रात्रभर पांढरा चीक पाझरून तपकिरी व्हायचा, आणि सकाळी तो सुरीनं खरवडून पानावर गोळा करायचा. माळव्यातला शेतकरी हीच चीर उभी देतो. एकच झाड, एकच चीक, पण कुणी आडवं कापतं, कुणी उभं. अनातोलियाची अफू मॉर्फिननं संपन्न, म्हणून औषधवाल्यांची आवडती. ती इझमीर बंदरातून, जुन्या स्मर्नातून, जगभर जायची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बॉस्टनचे व्यापारी ती भरून कॅन्टनला नेत, कारण हिंदुस्थानच्या अफूवर कंपनी सरकार बसलेलं होतं. त्याच काळात शिंदे-होळकरांच्या माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनकडे निघत होती, आणि त्या व्यापारावर जमशेटजी जीजीभाईंसारख्यांची घराणी उभी राहत होती. म्हणजे चिनी व्यसनी माणसाच्या चिलमीत मुंबई आणि स्मर्ना एकमेकांशी स्पर्धा करत होती. या शहरांना त्याची लाज वाटली ती बऱ्याच उशिरा. मुंबईत तर विसाव्या शतकातही गिरणीत जाणाऱ्या बाया पोरं झोपून राहावीत म्हणून त्यांना अफूची ‘बाळगोळी’ देत.

तुर्कांकडे अफूवरून एक वाक्प्रचार आहे. सकाळी उठून ज्याचा चेहरा आंबट आणि डोकं जागेवर नसतं, त्याची ‘अफू अजून फुटलेली नाही’ असं म्हणतात. लोक त्याची गोष्ट सांगतात ती अशी: उस्मानी काळातले अफूबाज रमजानमध्ये पहाटे उपास सुरू व्हायच्या आत अफूच्या गोळ्या कागदाच्या कमीजास्त थरांत गुंडाळून गिळत. एक थर विरघळला की एक गोळी ‘फुटायची’, पुढची दुपारी, त्यापुढची संध्याकाळी. उपासही राहिला आणि तलफही भागली! आज हा वाक्प्रचार चहा न मिळालेल्या कारकुनाबद्दल वापरतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात दोन बाजूंनी रेल्वे आली, एक इस्तंबूलकडून कोन्याला जाणारी, दुसरी इझमीरकडून चढून येणारी. दोन कंपन्या, दोन स्टेशनं, आणि त्यांच्यामध्ये हे गाव. काळ्या किल्ल्यानं वाटा राखल्या तशा आता रुळांनी राखायच्या होत्या. पण रुळांवरून काय येईल, हे गावाच्या हातात नव्हतं.

१९१५ मध्ये ते कळलं. त्या वर्षी गावातल्या आर्मेनियनांना हाकलून देण्यात आलं. त्यांचा मोहल्ला, त्यांची घरं, त्यांचं चर्च रिकामं पडलं. मग त्याच घरांत युद्धकैदी ठेवले गेले: ब्रिटिश, फ्रेंच, रशियन, शिवाय मार्मारा समुद्रात बुडालेल्या ‘ए ई-२’ या ऑस्ट्रेलियन पाणबुडीचे खलाशी. मेसोपोटेमियात पकडलेला ऑस्ट्रेलियन वैमानिक थॉमस व्हाइट इथे होता. सुटल्यावर त्यानं या कैदेवर पुस्तक लिहिलं. कैद्यांच्या अशा आठवणी वाचताना मला एक गोष्ट सारखी बोचते. कैदी आपल्या हालांबद्दल भरभरून लिहितात, पण ज्या घरात ते झोपतात त्या घराचे मालक कुठे गेले, हे त्यात एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकलेलं असतं.

इथून महाराष्ट्राकडे एक धागा जातो. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारात तुर्कांना शरण गेलेली फौज होती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यांतले बहुतेक हिंदी शिपाई रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. कुतमधल्या काही ब्रिटिश कैद्यांना अफ्योनला आणलं. कोन्यापुढे सुरू होणारी ती बगदाद रेल्वे म्हणजे अफ्योनवरून कोन्याला येणाऱ्या मार्गाचीच पुढची कडी. सातारा-रत्नागिरीच्या माणसांनी ज्या लोहमार्गावर उन्हात खडी फोडली, त्याचं वरचं टोक या कातळाखालून जात होतं. पलटणींच्या इतिहासात कुतचा वेढा ठळक असतो, वेढ्यानंतरची खडी फार कमी.

महायुद्ध संपलं, मग ग्रीक फौजा आल्या. १९२१ च्या वसंतात काही दिवस, आणि १३ जुलै १९२१ पासून वर्षभराहून जास्त. दक्षिणेच्या टेकड्यांवर त्यांनी खंदक आणि तारांची भक्कम आघाडी उभारली. तिच्या समोरच्या कोजातेपे या टेकडीवर २६ ऑगस्ट १९२२ च्या पहाटे तुर्कांचा सेनापती मुस्तफा कमाल उभा राहिला आणि तोफांना सुरुवात झाली. हनुवटीला हात लावून, मान खाली घालून चढणीवरून एकटा चालणारा कमाल, हा फोटो याच टेकडीवरचा आहे आणि तुर्कस्तानात तो शाळेच्या भिंतींवर असतो. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, अफ्योन परत मिळालं. ३० ला पश्चिमेकडे दुम्लुपिनारला ग्रीक सैन्याचा कणा मोडला. ९ सप्टेंबरला तुर्क फौज इझमीरात होती. तीस ऑगस्ट हा त्यांचा विजयदिन झाला, आणि १९९२ मध्ये निघालेल्या इथल्या विद्यापीठाचं नावही कोजातेपे. युद्धाचा निकाल पाच दिवसांत लागला खरा, पण ते लढण्यासाठी लागलेल्या पैशांतला काही भाग मुंबईहून गेलेला होता. केंद्रीय खिलाफत समितीची कचेरी मुंबईत होती, भायखळ्याचं खिलाफत हाउस आजही उभं आहे. तिथून ‘अंगोरा फंड’ निघाला, बायाबापड्यांनी दागिने दिले. गोळा झाला तो पैसा खलिफा वाचवण्यासाठी. कमालनं त्यातला काही लढाईला वापरला, १९२४ मध्ये खिलाफतच रद्द केली, आणि उरलेल्या रकमेतून त्याच वर्षी इश बँक काढली. खिलाफत रद्द झाली त्या दिवशी भायखळ्यात काय शांतता पसरली असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

गावाच्या मध्यभागी १९३६ मध्ये या विजयाचं स्मारक उभं राहिलं, ऑस्ट्रियन शिल्पकार हाइनरिश क्रिप्पेलनं घडवलेलं. नग्न, पिळदार पुरुष. पायाशी दुसरा पडलेला. समोर कातळ आणि जुन्या मशिदी. एवढी उघड देहबोली या सोवळ्या गावात कशी रुळली, देव जाणे, पण रुळली.

युद्ध संपलं, अफू राहिली. १९३३ पासून प्रजासत्ताकानं तिचा व्यापार सरकारी मक्त्यात घेतला, पुढे ‘टीएमओ’ म्हणजे धान्यखरेदीचं सरकारी कार्यालय गावागावांतून अफू उचलू लागलं. शेतकऱ्याला तिच्यात नशा दिसत नव्हती, घर दिसत होतं. बियांचं तेल काढायचं, वाटून तीळकुटासारखा लगदा करून पोळीत-पावात भरायचा, पेंड जनावरांना, कोवळी पानं भाजीला, वाळलेले देठ चुलीला. चीक तेवढा रोकड. गावात व्यसनी सापडणं कठीण. चीक काही प्यायचा नव्हता, विकायचा होता. पण सरकारी मापातून निसटलेला चीक फ्रान्समधल्या मार्सेयला जायचा, तिथल्या गुप्त कारखान्यांत त्याचं हेरॉइन व्हायचं, आणि ते न्यूयॉर्कला. अमेरिकेत विकलं जाणारं ऐंशी टक्के हेरॉइन तुर्की अफूचं, असं वॉशिंग्टन म्हणू लागलं. हा आकडा किती पक्का होता याबद्दल तेव्हाच वाद होते. पण १९७१ मध्ये निक्सननं अमली पदार्थांविरुद्ध आघाडी उघडली, त्याच वर्षी ‘फ्रेंच कनेक्शन’ नावाचा चित्रपट आला, आणि एका पठारावरचं पीक जगभर बदनाम झालं.

अंकारात मार्च १९७१ मध्ये लोकांनी निवडलेलं सरकार पाडून लष्करानं निहात एरिम यांना पंतप्रधान केलं होतं. ३० जून १९७१ रोजी त्या सरकारनं जाहीर केलं: १९७२ च्या कापणीनंतर अफूची लागवड बंद. अमेरिकेनं भरपाई म्हणून सुमारे साडेतीन कोटी डॉलर देऊ केले. शेतकऱ्याच्या हाती पोचली ती रक्कम तुटपुंजी. गहू लावा, सूर्यफूल लावा, असं सांगितलं गेलं. ज्या जमिनीत आणि ज्या थंडीत खसखस नीट येते, तिथे सूर्यफुलानं तेवढे पैसे कधीच दिले नसते. शिवाय तेल, पेंड, सरपण, सगळंच गेलं. दोन वर्षं गावात फूल दिसलं नाही. नावात अफू, शिवारात गहू.

इथे मी कुणाची बाजू घेतो हे सांगायला हवं: मी शेतकऱ्याची घेतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या पोराचं मरण खरं होतं, पण त्याचा दोष बोंड चिरणाऱ्या हातावर टाकणं सोयीचं होतं, कारण तो हात लांबचा आणि गरीब होता. १९७३ च्या निवडणुकीत सगळ्याच पक्षांनी बंदी उठवण्याचं आश्वासन दिलं. निवडून आलेले बुलेंत एजेवित यांनी १ जुलै १९७४ रोजी ती उठवली. तीनच आठवड्यांत तुर्की सैन्य सायप्रसमध्ये उतरलं, आणि अमेरिकेनं १९७५ मध्ये शस्त्रबंदी घातली. कारण सायप्रस, पण अफूचा राग त्यात मिसळलेला नव्हता, असं कुणी म्हणणार नाही.

एजेवित यांनी लागवड परत आणली, चीर आणली नाही, आणि ही त्यांची खरी हुशारी. हंगेरीच्या यानोश काबाय या औषधशास्त्रज्ञानं दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वाळलेल्या बोंडांतून थेट मॉर्फिन काढायची रीत शोधली होती. तीच आता लागू झाली. बोंड चिरायचं नाही. झाडावर वाळू द्यायचं, फोडायचं, बी शेतकऱ्यानं ठेवायचं आणि बोंडाचा चुरा सरकारला विकायचा. चीकच नाही तर तो चोरणार कोण? पुढे अफ्योनच्याच बोल्वादिन तालुक्यात त्या चुऱ्यापासून मॉर्फिन काढणारा अल्कलॉइड कारखाना उभा राहिला. तस्करी जवळजवळ थांबली. भारत मात्र आजही चीक काढतो. औषधांसाठी कायदेशीर अफूचा चीक पिकवून निर्यात करणारा जवळपास एकटा देश. १९८१ पासून अमेरिकी नियम सांगतो की तिथल्या कारखान्यांनी अमली कच्च्या मालाचा ऐंशी टक्के हिस्सा भारत आणि तुर्कस्तानकडून घ्यावा. ज्यांच्या शेतांवर नांगर फिरवायला लावला, त्यांनाच मग हक्काचे पुरवठादार ठरवलं. नीमच आणि बोल्वादिन आज एकाच यादीत शेजारी आहेत.

चीक गेल्यावर बी मोठं झालं. अफ्योनमध्ये खसखशीचा लगदा पसरलेली पोळी न्याहारीला असते, चवीला तिळाहून मंद आणि थोडी मातकट. पेंड अजून म्हशींच्या गव्हाणीत जाते, आणि त्या म्हशींच्या दुधाची ‘कायमाक’ हा गावाचा दुसरा अभिमान. पसरट पातेल्यात दूध मंद तापवायचं, रात्रभर निवू द्यायचं, आणि वर आलेला सायीचा जाड थर चादरीसारखा गुंडाळून घ्यायचा. सुरीनं कापून पाकातल्या गोड पावावर ठेवतात. आपल्या बासुंदीच्या सायीला इथे कुणी कमी लेखायला नको, पण तिला इतका मान आपण दिलेला नाही. म्हशी मात्र घटत चालल्या आहेत. तबेले उभारायला जागा आहे, पाळायला माणूस नाही. २०१९ मध्ये युनेस्कोनं अफ्योनला पाककलेचं शहर म्हटलं ते या खसखस, कायमाक आणि लसूण घातलेल्या ‘सुजुक’च्या जोरावर.

माणूस नाही, कारण तो बेल्जियममध्ये आहे. उत्तरेच्या एमिरदाग तालुक्यातून साठच्या दशकात मजूर ब्रुसेल्सला गेले, मग भाऊ, मग गाव. ऑगस्टमध्ये एमिरदागच्या बाजारात बेल्जियन पाट्यांच्या गाड्यांची दाटी होते, लग्नं लागतात, आणि सप्टेंबरात पुन्हा शांतता. दरम्यान अफ्योन शहरानं गरम झऱ्यांवर मोठमोठी हॉटेलं बांधली, मोटोक्रॉसची जागतिक शर्यत आणली, आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायद्यानं जुनं लांबलचक नाव परत घेतलं. मधल्या काळात नुसतं ‘अफ्योन’ होतं, आणि नुसती अफू नावाला बरी दिसत नव्हती, असं मानायला जागा आहे. तरी बोलताना लोक अजून ‘अफ्योन’च म्हणतात.

जुलैत पीक कापलं की अंगणात बोंडं फुटतात. चुरा टीएमओच्या वजनकाट्यावर जातो, बी घरात येतं. निळं-करडं बी युरोपातल्या पावरोट्यांसाठी वेगळं निघतं. पांढरं निवडून पोत्यांत भरतात, आणि ती पोती भारताची वाट धरतात, तिथून आमच्या वाण्याकडे.